कुलवृत्तांतात आत्याला जागा द्या: संपादक मंडळास खुले पत्र

प्रति,
कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे संपादक मंडळ,
आणि कोकणातल्या ज्या ज्या घराण्यांची, भावक्यांची, वाड्यांची मंडळं सध्या वंशावळी गोळा करत आहेत ती सगळी.

विषय: माहितीचा तक्ता भरून न पाठवल्याबद्दल.

स. न. वि. वि.

तुमचा तक्ता मिळून बरेच दिवस झाले. गणपतीच्या आधी भरून पाठवा असं तुम्ही लिहिलं होतंत, शिमगा आला तरी तो माझ्या टेबलावर आहे. दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी काहीतरी थाप मारली. खरं कारण लिहितो. ते फक्त आपल्या घराण्यापुरतं नाही, म्हणून पत्र उघड लिहितोय. रागावलात तर या वर्षीच्या कुलसंमेलनात मला शेवटच्या पंगतीला बसवा.

तक्त्यात रकाने आहेत: पिढी क्रमांक, नाव, जन्म, शिक्षण, नोकरी-व्यवसाय, विवाह, पत्नीचे माहेरचे नाव, पुत्र, मृत्यू. 'कन्या' असाही एक रकाना आहे, पण त्यात नाव आणि सासरचं आडनाव लिहायचं की पुढे रेघ. १९८६च्या आवृत्तीतही असंच होतं. त्या आवृत्तीतलं आमच्या घराचं पान समोर ठेवून बसलोय. वडिलांच्या नावापुढे आहे, '१९६७ साली सर्पदंशाने निधन.' बरोबर आहे. खळ्यात भाताच्या उडवीजवळ फुरसं चावलं, एकेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या एका चुलत आजोबांपुढे 'मुंबईस प्लेगने' असं आहे. आणखी एकांपुढे 'दाभोळची खाडी तरीतून ओलांडताना बुडून.' म्हणजे कोण कशानं गेलं ते लिहायला आपल्याकडे संकोच नव्हता, मरण सांगण्याजोगं असलं की झालं.

आजोबांपुढे मात्र 'वृद्धापकाळाने.' वय वर्षं सहासष्ट. आजीपुढे माहेरचं आडनाव आणि मृत्यूचं साल, बस्स. आणि आत्या? तिचं नाव, कंसात सासरचं आडनाव, की रेघ. त्या रेघेवरच मी अडलोय.

थोडं स्वतःविषयी सांगावं लागेल. मुंबईत पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं तंत्रज्ञ होतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो, कारण गावात आल्यापासून लोक मला रिपोर्ट दाखवायला येतात आणि मी नको म्हटलं की त्यांना वाटतं भाव खातोय. माझं काम ब्लॉक कापण्याचं. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मलीनमधून येतो, त्याला मेणात बसवायचं, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे, रंग चढवायचा. पुढचं वाचायचं काम डॉक्टरांचं. प्रोस्टेटच्या बायोप्सीचे तुकडे शेवयांसारखे असतात, बारीक आणि लांब. असे हजारो कापले असतील. त्या माणसांच्या घरात आणखी कोणाला काय झालं होतं, हा प्रश्न चौतीस वर्षांत एकदाही डोक्यात आला नाही. काचेवर माणसाचं आडनाव असतं, नातेवाईक नसतात.

२०२१ साली माझाच ब्लॉक कुणीतरी कापला. त्रेसष्टाव्या वर्षी. रात्री चार-चारदा उठावं लागत होतं, धार बारीक झाली होती, आणि इतकी वर्षं त्या धंद्यात काढूनही 'वयाचं आहे' म्हणून मी वर्षभर गप्प बसलो. बहुतेकांच्या बाबतीत ते वयाचंच असतं हेही खरं. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी, सालासकट सुपारीहून जराशी लहान. पन्नाशीनंतर ती बहुतेक पुरुषांत वाढते, आणि त्या वाढीत कर्करोग असतोच असं मुळीच नाही. माझ्यात होता. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचं रक्तात मोजतात ते प्रथिन, शंभराच्या वर, ग्लीसन, म्हणजे गाठ किती आडदांड ते सांगणारे गुण, चार अधिक पाच, आणि कण्याच्या दोन मणक्यांत पोचलेला.

टाटाला गेलो. आपल्याकडे 'टाटाला गेला' म्हटलं की समोरचा आवाज खाली आणतो, पण त्या इमारतीविषयी एक गोष्ट मला आवडते. परळचं टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं १९४१ साली, आणि त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं, की प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर पोसला जातो आणि ते हार्मोन तोडलं की गाठ आकसते. त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं. मला दर तीन महिन्यांनी जे इंजेक्शन घ्यावं लागतं त्याचं मूळ तिथे आहे.

उपचारांविषयी मला एवढंच सांगायचं होतं. पत्राचा विषय वेगळा आहे. माझ्या ब्लॉकची आणि मग रक्ताची जनुकीय तपासणी झाली, आणि रिपोर्ट हातात देण्याआधी समुपदेशन करणाऱ्या मुलीनं वही उघडून विचारलं, "काका, घरात कुणाला कर्करोग होता?" मी म्हटलं, नाही. "वडिलांच्या बहिणींना?" ठाऊक नाही. "त्यांच्या मुलींना?" ठाऊक नाही. "आजीला काय झालं होतं?" मी गप्प. ती वहीत चौकोन आणि वर्तुळं काढत होती. चौकोन पुरुष, वर्तुळ बाई. माझ्या चौकोनाच्या वर रांगेनं चौकोन चढत गेले, अकरा पिढ्या मी धडाधडा सांगितल्या, मूळ पुरुष कुठून कुठे आला ते गोत्र-प्रवरासकट. एकही वर्तुळ भरता आलं नाही. ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा.

आता या प्रकरणातली जनुकं काय करतात ते सांगतो. पुस्तक छापणाऱ्या माणसांना ते चटकन कळेल.

पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातला सगळा मजकूर नव्यानं उतरवला जातो. उतरवताना चुका होतात, मधेच पानं फाटतात. या चुकांवर लक्ष ठेवणारी, बिघडलेल्या पेशीला थांबवणारी काही जनुकं असतात, त्यांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात, म्हणजे गाठ होऊ न देणारी. टीपी-५३ हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. मजकूर फार खराब झालेला दिसला की ते पेशीला म्हणतं, थांब, दुरुस्त कर, नाहीतर मर. दहाव्या गुणसूत्रावरचं पीटेन १९९७ साली सापडलं. पेशीला सतत 'वाढ, वाढ' सांगणारा एक निरोप असतो, तो निरोप पुसत राहणं हे त्याचं काम. तेराव्या गुणसूत्रावरचं आरबी-१ पेशीला दुभंगायची परवानगी देतं किंवा नाकारतं. त्याच गुणसूत्रावर, तिथून फार लांब नसलेलं, बीआरसीए-२. हा आपला मुद्रितशोधक. गुणसूत्राचे दोन्ही धागे तुटले की शेजारची जुळी प्रत समोर ठेवून तो अक्षर न् अक्षर जुळवून घेतो. मूळ हस्तलिखित शेजारी ठेवून प्रुफं तपासावीत तसं.

ही जनुकं जोडीनं येतात, एक बापाकडून, एक आईकडून. जोडीतलं एक बिघडलं तरी दुसरं काम रेटतं, दोन्ही गेली की आवर सुटतो. हे गणित आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मांडलं, तेही प्रयोगशाळेत न शिरता. लहान मुलांच्या डोळ्यांतल्या गाठीच्या ४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, कुणाला कितव्या महिन्यात आणि एका डोळ्यात की दोन्ही डोळ्यांत हे मांडलं, आणि त्यावरून ताडलं की काही मुलं जोडीतलं एक जनुक बिघडलेलंच घेऊन जन्माला येतात, त्यांना नंतर एकच ठोकर पुरते. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९८६ साली. म्हणजे पंधरा वर्षं आधी नुसत्या नोंदींवरून माणसानं ते ओळखलं होतं. नोंदींवरून. संपादक मंडळानं हा शब्द कृपया अधोरेखित करावा.

पीटेन गेलेलं मी स्वतः काचेवर पाहिलंय. त्याची वेगळी रंगचाचणी असते. जनुक शाबूत असेल तर पेशी तपकिरी होतात, गेलं असेल तर तो भाग निळाच राहतो. एकाच काचेवर शेजारी शेजारी तपकिरी आणि निळे पुंजके दिसायचे, भाताच्या वाफ्यात एकाच कोपऱ्यात करपा पडावा तसे. अशा गाठी जास्त आडदांड असतात, असं आमचे डॉक्टर सांगायचे. २०१५ साली अमेरिका-युरोपातल्या संशोधकांनी पसरलेल्या, हार्मोनच्या उपचारांना न जुमानणाऱ्या प्रोस्टेट कर्करोगाच्या १५० रुग्णांच्या गाठी अक्षरशः वाचून काढल्या. निम्म्याहून थोड्या जास्त गाठींत टीपी-५३ बिघडलेलं होतं, साधारण चाळीस टक्क्यांत पीटेन.

पण इथे एक भेद आहे, आणि तो सातबाऱ्यावरून तीन पिढ्या भांडणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज पडू नये. बिघाड दोन प्रकारचा असतो. एक स्वकष्टार्जित, दुसरा वडिलोपार्जित. गाठीतल्या टीपी-५३चा, पीटेनचा बिघाड बहुतेकदा स्वकष्टार्जित असतो. त्या माणसाच्या त्या ग्रंथीत, त्याच्या हयातीत झालेला. तो मुलांकडे जात नाही. बीआरसीए-२चा बिघाड मात्र पुष्कळदा वडिलोपार्जित निघतो. तो गाठीतच नव्हे तर रक्ताच्या, कातडीच्या, प्रत्येक पेशीत असतो आणि वाटणीत पुढे जातो. म्हणून गाठीची तपासणी झाल्यावर रक्ताचीही करतात. माझ्यात तो दोन्हीकडे सापडला.

२०१६ साली एक मोठा अभ्यास छापून आला. पसरलेला प्रोस्टेट कर्करोग असलेले ६९२ पुरुष. त्यांतल्या ११.८ टक्के लोकांत मजकूर दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एखादं जन्मतःच बिघडलेलं होतं, आणि त्यात सर्वांत जास्त वाटा बीआरसीए-२चा, ५.३ टक्के. घरात आधी कुणाला प्रोस्टेटचा कर्करोग होता की नाही यानं या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे 'आमच्या घरात कुणाला प्रोस्टेट नव्हता' हे उत्तर पुरेसं नाही. प्रश्नच अपुरा आहे. आत्याला काय झालं होतं, हेही विचारायला हवं.

कारण बीआरसीए-२ हे नावच मुळी स्तनांच्या कर्करोगावरून पडलंय. १९९५ साली ते सापडलं ते बायकांच्या आजाराच्या घराण्यांतून. त्यामुळे पुरुष मंडळींना वाटतं, हे बायकांचं दुखणं, आपला काय संबंध. संबंध असा: हा बिघाड घेऊन जन्मलेल्या बाईला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के, अंडाशयाचा सुमारे १७. तोच बिघाड असलेल्या पुरुषाला पंच्याहत्तरीपर्यंत प्रोस्टेटचा कर्करोग होण्याची शक्यता साधारण २७ टक्के, आणि होतो तेव्हा तो बहुधा मवाळ नसतो. स्वादुपिंडाचा धोकाही थोडा वाढतो. म्हणजे बहिणीच्या छातीतली गाठ आणि भावाच्या कंबरेतली कळ एकाच दोराची दोन टोकं असू शकतात, आणि आपण एक टोक पुस्तकात ठेवतो, दुसरं रेघ मारून तोडतो.

तर मी आत्याच्या मागे लागलो. ती दिली होती राजापूर तालुक्यात. गेली १९७७ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी. तिची मुलगी, माझी आतेबहीण, रत्नागिरीत असते. चाळीस वर्षांत आमच्या भेटी लग्नकार्यापुरत्या. तिच्या पडवीत बसून चहा घेताना विचारायचं कसं तेच सुचेना. शेवटी माझंच सांगितलं. ती उठून आत गेली, बराच वेळ आली नाही, मग आली आणि म्हणाली, "आईला छातीत गाठ होती. दोन वर्षं तिनं कुणाला सांगितलं नाही. पोटीस बांधायची रात्री. वास यायला लागला तेव्हा कळलं." मिरजेला नेलं, पण उशीर झाला होता. घरातल्या पुरुषांनी बाहेर सांगितलं, ताप डोक्यात गेला. आतेबहीण तेव्हा अकरावीला होती. तिच्या स्वतःच्या अंडाशयाचं ऑपरेशन बावन्नाव्या वर्षी झालेलं, तेही मला त्या दिवशी कळलं. तिची तपासणी झाली. तोच बिघाड, अक्षर न् अक्षर तोच.

आता मागे वळून पाहा. वडील एकेचाळिसाव्या वर्षी फुरसं चावून गेले. त्यांच्यात तो बिघाड असणारच, नाहीतर मला आणि आत्याकडे दोन्हीकडे कुठून येणार, पण तो बाहेर पडायच्या आत सापानं गाठलं. बिघाड आहे म्हणजे आजार होतोच असं नाही, आणि आजार दिसला नाही म्हणजे पिढी कोरडी गेली असंही नाही. आजोबा 'वृद्धापकाळाने' गेले म्हणता ना? मी सहा वर्षांचा होतो. ओटीवरच्या खाटेवर ते वर्षभर पालथे पडलेले मला आठवतात, कंबरेला सतत कढत निवडुंगाचा शेक. सगळे म्हणायचे, कंबर धरली. प्रोस्टेटचा कर्करोग पसरला की बहुधा हाडांकडे धावतो, त्यातही कण्याकडे. तेव्हाच्या किती 'कंबर धरली'च्या मागे तो असेल, आता कोण सांगणार.

तर माझं म्हणणं असं.

नव्या आवृत्तीत कन्येपुढची रेघ पुसा. तिची मुलं, मुलींची मुलं, निदान तीन पिढ्या. कायद्यानं महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला १९९४ साली, देशभर २००५ साली. जनुकांनी तो आधीपासूनच दिलेला आहे, निम्मा-निम्मा, हक्कसोडपत्रावर सही न मागता. शास्त्राचा आधार हवा असेल तर सपिंड नात्यात आईच्या बाजूच्या पिढ्याही मोजतात हे तुम्हीच मला सांगितलंत. विवाह ठरवताना मोजायच्या आणि पुस्तक छापताना सोडायच्या, हा कुठला न्याय? आणि एक गंमत: २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. पुरुष मुंबईला, घरं बायकांनी चालवलेली, आणि पुस्तकं पुरुषांची. आजारपणं कुणाला आठवतात? काढली कुणी? माहिती गोळा करायला प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषाला फोन करता, त्याऐवजी एकदा सगळ्यांत म्हाताऱ्या माहेरवाशिणीला करून पाहा.

आजाराचा एक स्वतंत्र कागद करा. तो छापू नका. हे नीट वाचा, कारण यावरून गैरसमज होणार. पुस्तकात अमक्याच्या मुलीला अमुक आजार असं छापलंत तर पुढच्या वर्षी तिचं लग्न मोडेल, आणि पाप माझ्या माथी येईल. आधीच एक नाडी आणि मंगळ पुरेसे आहेत, त्यात जनुकाची भर नको. शिवाय २०२३ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आहे. कागद ज्याच्या त्याच्या सहीनं, बंद पाकिटात, मंडळाच्या एका माणसाकडे, शक्य तर बाईकडे. ज्याला डॉक्टरांनी विचारलं त्यानं आपल्या शाखेपुरतं मागावं. एवढंच.

त्या कागदावर मृत्यूचं वय नको, आजार सुरू झाल्याचं वय हवं. डॉक्टरांना तेच लागतं. स्तन, अंडाशय, प्रोस्टेट, स्वादुपिंड, ही चार नावं ठळक. नाव ठाऊक नसेल तर दिसलं ते लिहा: छातीत गाठ, पोटात पाणी, कंबर धरली. आणि दत्तक कोण ते लिहा. यावर सर्वांत जास्त आरडाओरड होईल हे मला माहीत आहे. आपल्या चौथ्या शाखेत दोन दत्तकं आहेत, एक भावकीतलंच, एक बाहेरचं, आणि पुस्तकात दोघांची रेषा सरळ चालते. पुस्तकात सरळच चालू द्या. पण बाहेरून दत्तक आलेल्याच्या नातवाला 'तुमच्या घराण्यात हा बिघाड आहे' म्हणून घाबरवण्यात अर्थ नाही, आणि त्याच्या जन्मघरातलं त्याला कळत नसेल तर तेही वाईटच.

या कागदाचा उपयोग फक्त आजाऱ्याला नाही. जनुकीय रिपोर्टात पुष्कळदा लिहून येतं, 'बदल आढळला, अर्थ अनिश्चित.' आपल्या लोकांत हे जास्त होतं, कारण ज्या जगभरच्या नोंदींशी ताडून पाहायचं त्यांत भारतीय फार थोडे. आता १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे पेशीतला अख्खा मजकूर, वाचून झालेत, २०२५च्या जानेवारीत ते संशोधकांना खुले झाले, हळूहळू सुधारेल. पण अनिश्चित बदलाचा निकाल लावायचा जुना, खात्रीचा मार्ग घराण्यातूनच जातो. बदल असलेली माणसं आजारी पडली का, नसलेली सुटली का, हे पाहायचं. त्याला लागतात माणसं, नाती, वयं. म्हणजे तुमच्या कपाटातले तक्ते.

हे खयाली पुलाव नाहीत. आइसलँड नावाचं बेट आहे, लोकसंख्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथाईहून कमी. त्यांनाही आपल्यासारखं वंशावळींचं वेड, फक्त त्यांनी बायका गाळल्या नाहीत. २००३ पासून अख्ख्या देशाची वंशावळ ऑनलाइन आहे. १९९६ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की त्यांच्या कर्करोगाच्या घराण्यांत बीआरसीए-२चा एकच बदल फिरतोय. मजकुरातली पाच अक्षरं गळालेली. पाच! बायकांना स्तनाचा, त्यांच्याच भावांना-काकांना प्रोस्टेटचा. हा बदल असलेल्या पुरुषांचा प्रोस्टेट कर्करोग जास्त घातक ठरतो हे तिथूनच २००७ साली पुढे आलं. २०१८ साली त्यांनी संकेतस्थळ काढलं: ज्याला जाणून घ्यायचंय त्यानं विचारावं, ज्याला नको त्यानं विचारू नये. आपल्या कोकणात असा एखादा बदल पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय असा माझा दावा नाही. शोधायला निघालो तर वाटेत आपलंच पुस्तक आडवं येईल, एवढंच म्हणतोय.

आणि कळून काय करायचं, हा प्रश्न तुमच्यातले दोघेजण विचारतीलच. बिघाड असलेल्या पुरुषांनी चाळिशीपासून दरवर्षी पीएसए पाहावं असं आता सांगितलं जातं, साधी रक्ताची चाचणी. ज्यांच्यात तो नाही त्यांनी सरसकट करावी की नाही याबद्दल डॉक्टरांतच वाद आहेत, म्हणून उद्या गावच्या सभामंडपात शिबिर घेऊन सगळ्या म्हाताऱ्यांचं रक्त काढू नका. आणि आजार झालाच, तर त्याच बिघाडाचा फायदा घेणाऱ्या गोळ्या आहेत. मजकुराच्या किरकोळ चुका दुरुस्त करणारं एक वेगळं खातं असतं, पार्प नावाचं. ज्या गाठीत बीआरसीए-२ नाही तिथे पार्पही बंद पाडलं तर गाठीची पेशी चुकांच्या ढिगाखाली मरते, धड पेशी तगून राहते. ही कल्पना २००५ साली सिद्ध झाली आणि प्रोस्टेटसाठी तसली गोळी, ओलापॅरिब, अमेरिकेत २०२० साली मंजूर झाली. माझी वेळ अजून आलेली नाही, आली तर ती दारात उभी आहे हे मला माहीत आहे. आजोबांना निवडुंग होता.

माझ्या मुलानं तपासणी केली, त्याच्यात नाही. म्हणजे त्याच्याकडून त्याच्या मुलांकडेही जाणार नाही, हे जनुक पिढी ओलांडून उडी मारत नाही. मुलीत आहे. ती दरवर्षी एमआरआय करते आणि मला दर आठवड्याला फोनवर ओरडते की मीठ कमी खा, जसं काही त्यानं फरक पडणार आहे. धाकटा भाऊ डोंबिवलीत, साठीला आलाय, तो म्हणतो मला कळायलाच नको. दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. न कळण्याचाही हक्क असतो. पण त्याचा मुलगा परवा मला एकट्यात गाठून विचारत होता, "काका, बाबांनी नाही केली तरी मी करू शकतो का?" करू शकतो. पण त्याच्यात निघालं तर बापाचंही उघड होणार. यावर मी त्याला काय सांगायचं, ते संपादक मंडळात कुणाला सुचत असेल तर कळवावं. मी त्याला समुपदेशकाकडे घेऊन जातोय एवढंच ठरलंय.

सोबत माझा तक्ता जोडला आहे, भरून. कन्येच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद डकवलाय. आत्याच्या मुलीच्या सहीनं, तिच्या परवानगीनं. तो छापू नये.

एक काम मात्र उरलंय. आत्यानं आणि वडिलांनी हा बिघाड घेतला तो आजोबांकडून, की आजीकडून? कंबर धरली म्हणून मी आजोबांवर बोट ठेवून बसलो होतो. पण आतेबहिणीनं आपल्या आईकडून ऐकलेलं असं, की आजी पन्नाशीच्या आत गेली ती पोट फुगून, पाणी भरून. ते यकृताचं असेल, क्षयाचं असेल, अंडाशयाचंही असेल. आजीकडून आला असेल तर हा बिघाड आपल्या कुलाचा नव्हेच, तिच्या माहेरचा, आणि तिच्या भावांची नातवंडं कुठेतरी रात्री चार-चारदा उठत असतील आणि वयाचं आहे म्हणत असतील. पुस्तकात तिच्या माहेरचं आडनाव आहे, गाव नाही. आत्या मुलीला सांगायची, माहेरघर दापोलीजवळच्या मुरूडला होतं, दारात सुरंगीचं झाड होतं. त्या घराण्याचं कुलमंडळ असेल, कुलवृत्तांत निघाला असेल, तर त्यांचा पत्ता मला पाठवा. आडनाव तक्त्यात लिहिलं आहे.

आपला,
चौथी शाखा, अकरावी पिढी